लोखंडरावांचा आवाज

३ फेब्रुवारी

प्रिय बटण्या,

आधी आशीर्वाद घे, मग बोलणी खा. सारखे सारखे फोन काय करतोस? दिसतात मला. मी उचलला नाही म्हणून तू तुझ्या भावोजींना केलास, आणि त्यांनी नेहमीप्रमाणे "हं, ठीक आहे" एवढंच सांगितलं असणार. ठीकच आहे. घसा तेवढा बसलाय. दिवसभर गाडीत बसून "क्लच, अहो क्लच" म्हणून ओरडायचं म्हणजे कोणाचाही घसा बसेल. फोनवर तू चौकशा करणार आणि मला घोगऱ्या आवाजात उत्तरं द्यावी लागणार, त्यापेक्षा पत्र बरं. पत्रात मध्येच कोणी तोंड घालत नाही.

शिवाय बातमीच अशी आहे की ती फोनवर उरकण्यासारखी नाही. लोखंडराव सापडले.

हो, आपलेच, कार्टूनमधले यंत्रमानव. छातीवर पिवळा दिवा, एक हात दुसऱ्यापेक्षा लांब. मामाने जहाजावरून उतरताना खोकं भरून टेप आणल्या होत्या, कोणीतरी तिकडच्या टीव्हीवरून उतरवून घेतलेलं जपानी कार्टून. ना खाली अक्षरं, ना कोणाला भाषा येते. तू इतका लहान होतास की तुला तर मराठी वाचतासुद्धा येत नव्हतं. तू भोकाड पसरलंस, "हे काय बोलतात ते सांग," आणि मी सांगायला लागले. जे सुचेल ते. पडद्यावर तोंड हललं की मी बोलायचे. पोरगी बोलली की बारीक आवाज, मिशाळ इंजिनिअरचा खोकत खोकत, आणि लोखंडरावांचा खाली पोटातून. सुचेनासं झालं की "थांब" म्हणायचे आणि तू टेपचं बटण दाबायचास. ते काम तू दुसऱ्या कोणाला करू द्यायचा नाहीस. आईने एकदा दाबलं तर जेवला नव्हतास. तुझं हे नाव तेव्हाचं, आणि आता तुझ्या हाताखाली माणसं असली तरी ते बदलणार नाही.

तर झालं काय, माझ्याकडे सध्या एक दातांची डॉक्टर गाडी शिकायला येते. लोकांच्या जबड्यात बिनधास्त ड्रिल घालते, पण चौकात उजवीकडे वळायचं म्हटलं की हिचेच दात वाजतात. तिच्या किल्लीला एक चिमुकला यंत्रमानव लटकलेला असतो. सिग्नलला थांबलो होतो, तिची भीती घालवायला मी म्हटलं, आमच्याकडे याच्यापेक्षा भारी होता. आणि वर्णन केलं. ती म्हणाली, "ताई, जुने अ‍ॅनिमे सगळे मिळतात आता, मी शोधते." मागचे लोक हॉर्न वाजवून बेजार झाले तेव्हा कुठे आम्हाला कळलं की सिग्नल सुटलाय. संध्याकाळपर्यंत तिने शोधून पाठवलंसुद्धा. बाई कामाची आहे. फक्त मला सारखी म्हणते की घसा कोणाला तरी दाखवा. दुसऱ्याच्या तोंडात बघायची सवयच, दुसरं काय.

मी रोज दुपारी एक भाग बघते. मनात धाकधूक होती. लहानपणी आवडलेल्या गोष्टी मोठेपणी बघायला गेलं की बरेचदा पोपट होतो. पण बटण्या, ते फार सुंदर आहे रे. आपण लहान होतो म्हणून आवडलं असं नाही, ते आहेच सुंदर.

पहिल्या भागात कितीतरी वेळ काहीच होत नाही. लांबच्या ग्रहावरचं ते वाऱ्याचं गाव, धूळ उडते, दुरुस्तीच्या शेडमधला पंखा फिरतो, पोरगी फडक्याने लोखंडरावांची काच पुसते. कोपऱ्यात डाग राहतो, तो नखाने खरवडते. एवढंच. कोणी घाईत नाही. आणि सगळं हाताने काढलेलं. रेषा किंचित हलते बघ, एका चित्रातली दुसऱ्या चित्राशी तंतोतंत जुळत नाही, म्हणून माणूस नुसता उभा असला तरी श्वास घेतोय असं वाटतं. एका ठिकाणी आकाशाच्या रंगात ब्रशचा एक केस चिकटून राहिलाय. मी थांबवून बघितला. कोणीतरी कुठल्याशा खोलीत मान मोडून ते आकाश रंगवत बसलं होतं, त्याच्या ब्रशचा केस मी इतक्या वर्षांनी माझ्या स्वयंपाकघरात बसून बघतेय. मला का कोण जाणे, त्या माणसाचे आभार मानावेसे वाटले.

आणि त्यांचं भविष्य. माणसं दुसऱ्या ग्रहावर राहतात, पण फोनला गुंडाळीची वायर आहे. नकाशा बघायला कॅसेट घालतात, आणि ती अडकली की मिशाळ इंजिनिअर पेन्सिल घालून फीत गुंडाळत बसतो. आधी मला हसू आलं. मग वाटलं, यात चुकलं काय? पुढच्या काळातही वस्तू बिघडणार आणि कोणाला तरी बसून दुरुस्त कराव्या लागणार, एवढं त्यांना बरोबर कळलं होतं.

माझ्या धंद्याच्या दृष्टीने सांगू का? पोरगी लोखंडरावांत चढते तेव्हा आधी सीट पुढे ओढते, मग पट्टा, मग दोन्हीकडचे आरसे, आणि मगच हात दांड्याला लावते. दांडा ओढला तरी हात लगेच उचलत नाही. आधी आत कुठेतरी काहीतरी गुरगुरतं, खांदा जरा दबतो, आणि मग तो अवाढव्य हात वर येतो. चित्रातल्या लोखंडाला वजन आहे. ज्याने काढलं त्याने कधीतरी जड गाडी चालवली असणार, पैजेवर सांगते. त्या पोरीला मी पहिल्या परीक्षेत पास केलं असतं, आणि माझ्या हातून पहिल्या परीक्षेत कोण पास होतं ते तुला माहीत आहे. तू नाही झालास.

आता यात खाली इंग्रजी अक्षरं येतात, म्हणजे ती माणसं खरोखर काय बोलत होती ते मला आत्ता कळतंय. आपण काय दिवे लावले होते ते वाचून लाज वाटेल. मिशाळ इंजिनिअर पोरीपुढे मान खाली घालून बसतो तो प्रसंग आठवतो? मी म्हटलं होतं, त्याची चप्पल हरवलीये आणि तो ती मागतोय, आणि आपण लोळून लोळून हसायचो. तो तिला सांगत असतो की तुझे वडील वाऱ्याच्या टॉवरवरून परत आलेले नाहीत.

पण खरी मेख पुढेच आहे. लोखंडराव बोलत नाहीत. पहिल्या भागापासून एक अक्षर नाही. त्यांना आवाजच दिलेला नाही. कोणी काही विचारलं तर ते बोटाने आपल्याच छातीवर ठोकतात. एकदा ठक म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. सगळं गाव तेवढ्यावर त्यांच्याशी बोलतं आणि कोणाचं काही अडत नाही. ती ठकठक आपल्या टेपवरही असणार, पण मी त्यावर एवढी बडबड करायचे की तुला ऐकूच आली नाही. सगळ्यात जास्त वाक्यं मी त्यांच्याच तोंडी घातली होती. भूक लागली, गुडघा दुखतोय, बटण्याने दूध संपवल्याशिवाय मी पुढे जाणार नाही. आणि तो बिचारा मुळात मुका.

शेवटचा भाग मी बघितलेला नाही. आपल्या खोक्यात तो नव्हता, म्हणून मी तुला तोंडीच शेवट सांगितला होता, लोखंडराव घरी येऊन पोटभर जेवतात असा. खरा शेवट तुझ्याबरोबर बघायचा असं ठरवलंय. नवीन नोकरी आहे, रजा मिळत नाही, सगळं माहीत आहे मला. घाई नाही. पण फार लांबवूही नकोस.

घसा सोडून बाकी धडधाकट असलेली,
ताई


२० फेब्रुवारी

प्रिय बटण्या,

आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. अक्षर अजून कोंबडीचे पाय. एवढी शाई खर्च करून लिहिलंस काय, तर "लोखंडरावांचं राहू दे, घशाचं सांग." तू लहानपणीही असाच होतास, गोष्टीतलं नेमकं मी गाळलेलं तेवढंच विचारायचास.

सांगते. आधी एका भागाबद्दल सांगू दे.

धुळीचं वादळ येतं. लोखंडरावांचा छातीवरचा दिवा फुटतो. बाहेर काही दिसत नाही आणि वाऱ्याच्या आवाजात ठोकलेलं ऐकू येत नाही. पोरगी बाहेर अडकलेली. ती ओरडत नाही, रडत नाही. चाचपडत त्यांच्या पायाशी जाते आणि हातमोजा काढून उघडा तळवा लोखंडावर टेकवते. मग चित्र हलतच नाही. तिचा हात, लोखंडावरचे ओरखडे, बस. मला वाटलं माझं इंटरनेट अडकलं. तेवढ्यात तिची बोटं जराशी थरथरतात. त्यांनी छातीवर ठोकलेलं लोखंडातून तिच्या हाताला कळलेलं असतं. संगीत नाही, काही नाही. एवढ्या साध्या चित्रात त्या लोकांनी जे केलंय ते बघून मी उठून सिंकपाशी जाऊन उभी राहिले. भावोजी त्या दिवशी घरी होते. त्यांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, कांदा. कांदा कुठेच नव्हता.

आता सांगते. गाठ आहे. वाईट जातीची आहे. आवाजाच्या पेटीवर. त्या दातांच्या डॉक्टरने शेवटी गाडी शिकायच्या वेळात मला स्वतःच गाडी चालवत घसातज्ज्ञाकडे नेलं, आणि त्या दिवशी तिने एकही वळण चुकवलं नाही, तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी विचारलं, औषधाने जाईल का, किरणांचा शेक देऊन जाईल का. म्हणाले, त्याच्या पलीकडे गेलंय. पेटी पूर्ण काढावी लागेल. श्वास गळ्याला केलेल्या भोकातून घ्यायचा. जीव वाचेल असं सर्जन बऱ्यापैकी खात्रीने म्हणतात. आवाज वाचणार नाही.

नंतर एक यंत्र मिळतं म्हणे, गळ्याला लावायचं, ते थरथरतं आणि तोंड हलवलं की शब्द उमटतात. ज्या बाईंनी मला ते दाखवलं त्यांनी नमुना म्हणून बोलूनही दाखवलं. सपाट, धातूचा आवाज. बटण्या, हुबेहूब मी लोखंडरावांचा करायचे तो. मला हसू आवरेना. त्या बिचाऱ्यांना वाटलं मला धक्का बसलाय, त्यांनी पाणी आणून दिलं.

तुला फोन का करत नव्हते ते कळलं आता. तू ऐकलं असतंस आणि ओळखलं असतंस. नुकताच जरा स्थिर झालायस, तुला तिथून उठवायचं माझ्या जिवावर आलं.

मला भीती वाटते. मरायची वाटते तेवढी वाटतेच. पण दुसरी जास्त वाटते. मी आयुष्यभर बोलूनच सगळं केलंय. गाडीत माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो, पण तो मी क्वचित दाबते. माणूस घाबरला की मी आधी बोलते. "काही होत नाही, हळू सोडा, जमतंय." त्याने गाडी थांबते, पायाने नाही. आणि घरात तर बोलायचं खातं पहिल्यापासून माझ्याकडे. तुझ्या भावोजींनी लग्न ठरवतानासुद्धा होकार दिला तो "हं" म्हणून. मी गप्प झाले तर या घरात घड्याळाशिवाय काही ऐकू येणार नाही. मी गप्प झाले तर मी राहीन का, असं मला वाटतं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

भावोजी आता रोज दुपारी सुट्टी टाकून घरी येतात आणि माझ्याशेजारी बसून भाग बघतात. काही बोलत नाहीत. काल मात्र मध्येच म्हणाले, "आज तिने डावा आरसा बघितला नाही." मी मागे जाऊन पाहिलं. खरंच नव्हता बघितला. आणि पुढे त्याच बाजूने दगड आला. म्हणजे चित्र काढणाऱ्यांनी तेही मुद्दाम ठेवलं होतं, आणि ते माझ्या नजरेतून सुटलं आणि या न बोलणाऱ्या माणसाने पकडलं. गप्प माणसं काय काय बघत असतात देव जाणे.

ऑपरेशन पाच मार्चला आहे. तू ये. हुकूम समज. नको, हुकूम नको. मी तुला कधी विनंती केली नाही, त्यामुळे नीट जमत नसेल तर सांभाळून घे. माझा आवाज आहे तोवर ये.

अजून बोलणारी,
ताई


२ एप्रिल

प्रिय बटण्या,

आशीर्वाद. पोचल्याचा निरोप मिळाला. डब्यातलं सगळं वाटेत संपवलंस हेही कळलं, चांगलं केलंस.

तू काल रिक्षात बसलास तेव्हा मी खिडकीत उभी होते. हात हलवला तो तू बघितला नाहीस, कारण तू डोळे पुसत होतास. बघितलं मी. इथे बोलायचं बंद झालंय, बघायचं नाही.

घरात आता शांत आहे. भावोजी दाराशी बसून तुझी विसरलेली छत्री दुरुस्त करताहेत. म्हणून म्हटलं लिहावं, आणि जे मला पाटीवर लिहिता आलं नाही ते लिहावं. तू आणलेली ती पोरांची पाटी छान आहे, वरचा कागद उचलला की पुसते, पण तिच्यावर "पाणी", "उशी", "डॉक्टर मूर्ख आहे" याहून मोठं काही मावत नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तू दारात उभा राहिलास तेव्हा मी काय काय बोलायचं ठरवलं होतं माहीत आहे? पाठच केलं होतं. आईबद्दल एक, तुझ्याबद्दल एक, आणि एक असं की ते ऐकून तू जन्मभर लक्षात ठेवशील. झालं काय, तर तू आत आलास, चपला वेड्यावाकड्या टाकल्यास आणि मी ओरडले. मग चहा, मग तुझं पोट किती सुटलंय, मग शेजाऱ्यांच्या भिंतीतली ओल. तू एकदा म्हणालास, "ताई, थोडं लोखंडरावांसारखं बोल ना." मला जमलं नाही. आवाज उरला होता, तरीही. मी म्हटलं, उद्यानंतर ऐक की, हवं तेवढं. तू हसला नाहीस.

आणि सकाळी मला आत नेताना तू स्ट्रेचरला धरून चालत होतास. आता बोलायचं, हे शेवटचं, असं मी मनाशी म्हटलं, तोंड उघडलं, आणि बाहेर काय पडलं? "गॅस बंद केलास का?" झालं. माझ्या आवाजातलं शेवटचं वाक्य. तू म्हणालास, "हो ताई." दार लागलं. मी आत झोपेचं औषध देईपर्यंत स्वतःवर चिडलेली होते.

आता मात्र मला ते वाक्य आवडायला लागलंय. माझंच आहे ते. दुसऱ्या कोणाचं नाही.

ऑपरेशननंतरच्या त्या एका दुपारबद्दल लिहायचंय. मला वेगळ्या खोलीत आणलं होतं, नाकात नळी, गळ्याला पट्टी, आणि मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. पाटीवरही काही लिहीत नव्हते. तू काही समजावलं नाहीस. कॉम्प्युटर काढलास, माझ्या पायांवर उशी ठेवून त्यावर टेकवलास आणि शेवटचा भाग लावलास. मला वाटलं, आता खालची अक्षरं वाचायची. तू अक्षरं बंद केलीस. आवाजही बंद केलास. आणि पोरीचं तोंड हललं तसा तू बोललास, बारीक आवाजात, अगदी मी करायचे तसा, नाकातून.

मिशाळ इंजिनिअर आला. खोकलास. "माझी चप्पल पाहिलीस का गं पोरी?" म्हणालास. माझे टाके दुखले हसून. नर्स बघायला आली तर तिला वाटलं भावाचं डोकं बिघडलं. तुला सगळं पाठ होतं रे. मी विसरले होते ती वाक्यंसुद्धा. म्हणजे तू ते सगळं इतकी वर्षं डोक्यात घेऊन हिंडत होतास, नोकऱ्या बदलल्यास, घरं बदललीस, आणि माझा आवाज जसाच्या तसा तुझ्यापाशी. मी उगाच भीत होते की तो जाईल.

वाऱ्याचा टॉवर कोसळायला येतो. लोखंडराव तो लांब हात वर करून आधार देतात आणि गाव खालून बाहेर पडतं. पोरीला खाली उतरावं लागतं. ती शेवटच्या क्षणापर्यंत दांडा सोडत नाही, मग सीट मागे सरकवते, पट्टा काढते, आरसे बघते आणि उतरते. मी मनात म्हटलं, शाब्बास. लोखंडराव तिथेच राहतात, हात वर. ते जेवायला घरी येत नाहीत. मग नुसती चित्रं. धूळ साचते, गंज चढतो, गुडघ्याच्या सांध्यात गवत उगवतं, आणि प्रत्येक चित्रात उजेड वेगळा. त्या लोकांनी एकाही चित्रात घाई केलेली नाही. किती वर्षं गेली ते कोणी सांगत नाही, पण कळतं. आणि एक बाई येते. केस पिकायला लागलेले. तीच.

ती हातमोजा काढते. तळवा टेकवते. विचारते.

तू विचारलंस, "लोखंडराव, आहात ना?"

आणि बटण दाबलंस. चित्र थांबलं. मी वाट बघत होते की आता तू पोटातून तो आवाज काढशील. पण तू काही बोलला नाहीस. नुसता बटणावर बोट ठेवून माझ्याकडे बघत बसलास, लहानपणी मला सुचेनासं व्हायचं तेव्हा बसायचास तसाच. कितीही वेळ लागू दे, मी आहे, अशा चेहऱ्याने.

मला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा मी हात पांघरुणातून बाहेर काढला आणि पलंगाच्या दांड्यावर एकदा ठोकलं.

तू पुन्हा बटण दाबलंस. पडद्यावर, त्या गंजलेल्या लोखंडात, बाईची बोटं जराशी थरथरली.

तेव्हा मी रडले ते दुखलं म्हणून नाही, हे तुला सांगायचं राहिलं होतं. सांगितलं.

दातांच्या डॉक्टरने परवाना मिळवला. मी सुट्टीवर असताना दुसऱ्याकडे शिकली म्हणून मी पाटीवर "गद्दार" लिहून दाखवलं, तर म्हणते, परीक्षेत तुमचाच आवाज कानात होता. माझ्याकडे शिकणाऱ्या आणखी दोघी म्हणतात, तुम्ही नुसत्या शेजारी बसा, डॅशबोर्डवर ठोका, आम्हाला कळेल. बघू. दुसरा ब्रेक आहेच.

ते थरथरणारं यंत्र पुढच्या आठवड्यात येतंय. वापरायला शिकायला वेळ लागेल म्हणे. पण मी तेवढं थांबणार नाही. रविवारी दुपारी तुला फोन करीन. उचललास आणि काही ऐकू आलं नाही तर ठेवून देऊ नकोस. तूच विचार, आहेस ना म्हणून. आणि मग थांब. थांबणं तुझं काम आहे, ते तू कधी दुसऱ्या कोणाला करू दिलेलं नाहीस.

ठक.

तुझी ताई